दाभोळच्या नळातून येणारा फ्रॅकिंगचा गॅस

फ्रॅकिंग म्हणजे उच्च दाबानं पाणी ढकलून खोल खडकात भेगा पाडायच्या आणि त्यातला गॅस काढायचा. कोल्हापूर जिल्ह्यात फ्रॅकिंगची विहीर होण्याची शक्यता नाही. आपल्या पायाखाली दख्खनच्या लाव्ह्याचा काळा पाषाण आहे, त्याखाली कुठं कलादगीचे जुने वालुकाश्म, कुठं धारवाडी नीस. शेल गॅसला लागतो तो सेंद्रिय द्रव्य भरलेला आणि लाखो वर्षं योग्य तापमानात मुरलेला शेल नावाचा गाळाचा खडक. तो इथं नाही. तेव्हा पन्हाळ्याच्या पायथ्याशी टेक्सासछाप रिग उभी राहणार, अशी भीती कुणी घातली तर हसून सोडून द्यावं.

गॅस मात्र येतो. ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीनं अमेरिकेच्या लुइझियानातल्या सबाइन पास टर्मिनलमधून वर्षाला ३५ लाख टन एलएनजी (थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू) उचलण्याचा वीस वर्षांचा करार केला आणि त्यातलं पहिलं जहाज मार्च २०१८ च्या अखेरीस आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळला लागलं. अमेरिकेत निघणाऱ्या नैसर्गिक वायूत शेलचा वाटा आज तीन चतुर्थांशांच्या वर आहे, म्हणजे त्या जहाजातला बहुतेक गॅस फ्रॅकिंगचाच. दाभोळहून बेंगळुरूला जाणारी वाहिनी २०१३ पासून चालू आहे. ती घाट चढून दक्षिण महाराष्ट्रातून कर्नाटकात जाते. दाभोळला लाटा अडवणारा बांध नव्हता तोवर पावसाळ्यात तिथं जहाजं लागत नसत, मग दहेजकडून पनवेलमार्गे गॅस आणून हीच वाहिनी भरली जायची. नळात सगळं मिसळतं, त्यामुळं आपल्या बर्नरमध्ये जळणारा रेणू टेक्सासचा की खंभातचा हे कुणी सांगू शकत नाही. हिशेबात मात्र फरक पडतो. घरगुती पाइप गॅस आणि सीएनजीला देशी गॅस प्राधान्यानं मिळतो, कारखान्याला बहुतेक आयातीवर भागवावं लागतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलचे फौंड्रीवाले आणि इचलकरंजीचे कापड-प्रोसेसवाले पाइप गॅसचा विचार करतात तेव्हा फ्रॅकिंगच्या वादात त्यांचाही पैसा गुंतलेला असतो.

या वादातली दोन वाक्यं अमेरिकेतून आली आणि इथं जशीच्या तशी म्हटली जातात. एक, ‘जमिनीत विष सोडतात’. दुसरं, ‘गॅस स्वस्त होतो’. माझ्या मते दोन्ही अर्धवट आहेत. दोन किलोमीटर खाली पडणाऱ्या भेगेत धोका त्या मानानं कमी, विहिरीच्या वरच्या भागातल्या सिमेंटात आणि परत येणाऱ्या पाण्यात बराच जास्त. आणि गॅस स्वस्त झाला तो अमेरिकेत. दाभोळला उतरेपर्यंत त्या स्वस्ताईचा मोठा भाग करारातल्या एका ओळीत मुरतो.

तत्त्व समजून घ्यायला टेक्सासला जायची गरज नाही. पाण्याच्या बोअरवर हाच प्रयोग महाराष्ट्रात कित्येक वर्षं होतो, त्याला जलभंजन म्हणतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडं त्यासाठीच्या गाड्या आहेत. समजा ६० मीटरचा जुना बोअर आहे, हातपंपाचं पाणी आटत चाललंय. पंप आणि पाइप काढायचे, बोअर साफ करायचा. केसिंग जिथं संपतं त्याच्या बरंच खाली, अखंड पाषाणात, रबरी पॅकर, म्हणजे बोअर आडवा बंद करणारं बूच, उतरवून फुगवायचा. मग टँकरमधलं स्वच्छ पाणी उच्च दाबाच्या पंपानं पॅकरच्या खाली ढकलायचं. गेजचा काटा चढत जातो, चौरस सेंटीमीटरला ४०, ६०, ८० किलो, आणि मग एकदम पडून खाली कुठंतरी स्थिरावतो. तो पडला म्हणजे बंद सांधा उघडला, किंवा त्यात बसलेली माती वाहून गेली. लगेच पंप बंद करायचा नसतो. आणखी काही मिनिटं पाणी चालू ठेवलं की भेग लांबते आणि पाणी धरलेल्या दुसऱ्या सांध्याला मिळण्याची शक्यता वाढते. काटा मुळात चढलाच नाही तर पॅकर गळतोय, नाहीतर तिथं आधीच मोठी फट आहे. आणि पाणी केसिंगच्या बाहेरून बोअरच्या तोंडाशी यायला लागलं तर काम थांबवायचं. पॅकर फार वर बसलाय आणि पाणी मुरुमातून वाट काढतंय. हे शेवटचं लक्षण ध्यानात ठेवा, गॅसच्या विहिरीतही मुख्य भानगड हीच असते.

जलभंजनात वाळू नसते, रसायन नसतं, आणि पाणी एका-दोन टँकरात भागतं. गॅसच्या विहिरीत याच कामाचा आकार राक्षसी होतो. विहीर आधी दीड ते तीन किलोमीटर सरळ खाली जाते, मग हळूहळू वळून शेलच्या थरातून दोन-तीन किलोमीटर आडवी चालते. पूर्ण लांबीत पोलादी केसिंग घालून भोवती सिमेंट भरतात. मग टोकाकडून सुरुवात करून साठ-साठ मीटरचा एकेक टप्पा घेतात. तारेवरून बंदूक उतरवायची, आकार दिलेल्या स्फोटकांनी केसिंगला भोकं पाडायची, थोडं १५ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक अॅसिड सोडून भोकांतलं सिमेंट विरघळवायचं. त्यानंतर आधी नुसतं पाणी, मग वाळूमिश्रित पाणी, म्हणजे दाब काढल्यावरही वाळूच्या आधारानं भेग उघडी राहते. पृष्ठभागावर ६०० किलोच्या आसपास दाब आणि मिनिटाला १२ ते १५ हजार लिटर प्रवाह. त्यासाठी दोन-अडीच हजार अश्वशक्तीचे पंधरा-वीस प्लंजर पंप एकाच नळाला जोडलेले असतात. टप्पा झाला की प्लग बसवून तो बंद करायचा आणि अलीकडचा टप्पा घ्यायचा. एका विहिरीत असे तीस-पन्नास टप्पे. शेवटी सगळे प्लग छिलून काढतात आणि विहीर वाहू देतात.

या कामात सगळ्यात जास्त छळतो तो स्क्रीनआउट. भेग अरुंद राहिली, वाळूचं प्रमाण घाईनं वाढवलं किंवा मध्येच एखादा पंप बसून प्रवाह पडला, की वाळू भेगेच्या तोंडाशीच अडकते. दाब काही सेकंदांत केसिंगच्या मर्यादेकडं धावतो. पंप तोडले नाहीत तर पाइप जातो, तोडले तर केसिंगमध्ये कित्येक टन वाळू बसून राहते. मग बारीक नळी उतरवून ती धुऊन काढायची. पैसा जातो, दिवस जातात. पंपांचे व्हॉल्व्ह आणि सीट तर या वाळूनं इतक्या झपाट्यानं झिजतात की ते बदलणं हे साइटवरचं रोजचंच काम होऊन बसतं.

वाळूचा विषय कोल्हापूरकरांना वेगळा शिकवायला नको. कासार्ड्याची सिलिका घाट चढून आपल्या फौंड्रीत येते तेव्हा तिची चाळणी होते, ओलावा, चिकणमाती, एएफएस नंबर (दाण्याची बारकाई) बघितला जातो. फ्रॅकिंगची वाळूही सिलिकाच, पण मोजपट्टी निराळी. चिमूटभर भिंगाखाली धरा. मोल्डिंगला थोडा कोनदार दाणा चालतो, उलट तो एकमेकांत अडकून साचा धरतो. भेगेत घालायच्या वाळूचा दाणा गोल हवा. प्रमाणित तक्त्याशी ताडून गोलाई ०.६ च्या वर पाहिजे, कारण गोल दाण्यांच्या मधल्या पोकळीतूनच गॅस वाहणार असतो. मग दाबून फोडण्याची चाचणी. ठरावीक दाबाखाली दहा टक्क्यांहून जास्त भुगा झाला तर तो माल त्या खोलीला बाद. भुगा पोकळी बुजवतो आणि विहीर लवकर मरते. विस्कॉन्सिनची पांढरी वाळू त्यासाठीच नावाजली, पुढं वाहतूक परवडेना म्हणून टेक्सासवाल्यांनी विहिरीजवळची हलक्या प्रतीची वाळू वापरायला घेतली. दाब फार असेल तिथं वाळूला फिनॉलिक रेझिनचा लेप देतात. फौंड्रीत शेल मोल्डिंगच्या कोअरसाठी (या ‘शेल’चा खडकाशी संबंध नाही) वापरतात ती रेझिन कोटेड सॅंड आणि ही, रसायन एकच.

रोगही एकच. एका विहिरीला काही हजार टन वाळू लागते आणि ती फुंकून साठवण टाक्यांत भरताना धुराळा उडतो. अमेरिकेच्या नायॉश संस्थेनं पाच राज्यांतल्या अकरा साइटवर हवेचे नमुने घेतले, तेव्हा बहुसंख्य नमुन्यांत श्वसनयोग्य सिलिका मर्यादेच्या वर निघाली. २०१२ मध्ये त्यावर धोक्याची सूचना निघाली. फ्रॅकिंगविरोधी मोर्च्यांत रसायनांच्या यादीचे फलक असतात, सिलिकोसिसचा, म्हणजे सिलिकाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाचा, फलक क्वचित दिसतो. नॉकआउटवर, म्हणजे साचा फोडून ओतीव काढताना, नाकाला रुमाल बांधून उभ्या राहणाऱ्या आपल्या कामगाराचं दुखणं आणि त्या साइटवरच्या कामगाराचं दुखणं सारखंच, आणि दोन्हीकडं रुमालाचा काही उपयोग नाही.

पाण्यात वाळू तरंगत ठेवायला घट्टपणा लागतो आणि इथं गवार येते. भाजीची कोवळी शेंग नव्हे, वाळलेलं बी. त्याच्या आतल्या गराची पावडर हजार लिटर पाण्याला अडीच ते पाच किलो टाकली की जेल होतं, बोरेट घातलं की ते लवचिक लगदा होतं आणि वाळू धरून ठेवतं. खाली पोचल्यावर परसल्फेट किंवा एन्झाइमनं ते तोडायचं, नाहीतर भेगेत गोंदच बसतो. जगातली बहुतेक गवार राजस्थान, हरियाणा, गुजरातेत पिकते. २०११-१२ मध्ये अमेरिकेत विहिरींचा धडाका सुरू झाला आणि गवारगमचा भाव इतका उसळला की मार्च २०१२ मध्ये वायदे बंद करावे लागले. ते पुन्हा सुरू झाले मे २०१३ मध्ये. तोवर अमेरिकेतल्या कंपन्यांनी धडा घेतला होता. पातळ पाणी आणि थोडंसं पॉलिअॅक्रिलामाइड (घर्षण कमी करणारं रसायन) वापरून वेगानं पंप करण्याची पद्धत पसरली आणि पुढं भाव उतरले. ही पद्धत नवी नव्हती. मिचेल एनर्जीनं टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती बसवली होती. जॉर्ज मिचेल यांचं नाव होतं ते त्यामुळंच, कारण खडक फोडण्याची मूळ कल्पना बरीच जुनी आहे. पहिला प्रयोग कॅन्ससमध्ये १९४७ ला झाला, व्यापारी काम १९४९ ला.

आता पाणी. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या आकड्यानुसार एका विहिरीला १५ लाख ते १६० लाख गॅलन, म्हणजे साधारण ५७ लाख ते ६ कोटी लिटर पाणी लागतं. आकडा ऐकून डोळे पांढरे होतात. पण एक हेक्टर उसाला वर्षाला पावसासकट दोन हजार मिलिमीटर पाणी धरलं तर तेही दोन कोटी लिटर होतं. म्हणजे एक मध्यम विहीर आणि एक हेक्टर ऊस बरोबरीत, आणि ऊस दर वर्षी पाणी मागतो. ‘फ्रॅकिंग सगळं पाणी पितं’ हा मुद्दा म्हणून तितकासा टिकत नाही. टिकतात ते दुसरे दोन. ऊस ते पाणी वर्षभरात घेतो, विहीर काही आठवड्यांत. दुष्काळी पट्ट्यात त्या आठवड्यांत शेजारचे बोअर कोरडे पडू शकतात. आणि उसाचं पाणी हवेत, जमिनीत, नदीत परततं. विहिरीतलं बरंचसं खालीच अडकतं आणि जे वर येतं ते भयंकर खारं असतं.

हे परत आलेलं पाणी म्हणजे वादाचा खरा गाभा. घातलेल्या रसायनांचं प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आत असतं, पण लाखो वर्षं खडकात कोंडलेलं खारं पाणी त्यात मिसळून वर येतं. पेनसिल्व्हेनियाच्या मार्सेलस शेलमध्ये या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) लिटरला दोन लाख मिलिग्रॅमच्या वर गेलेला आहे. समुद्राचा असतो पस्तीस हजार. प्रोसेसच्या सांडपाण्याला २१०० ची मर्यादा असते आणि त्यावरून पंचगंगेच्या काठी किती रण माजतं ते इचलकरंजीत सगळ्यांना माहीत आहे. वर त्यात बेरियम, ब्रोमाइड आणि थोडं रेडियमही. इतक्या खाऱ्या पाण्यावर आरओ चालत नाही, बाष्पक लावावा लागतो आणि त्याचं वीज-वाफेचं बिल किती येतं हे झेडएलडी (सांडपाणी अजिबात बाहेर न सोडणारी यंत्रणा) चालवणाऱ्याला विचारा. पेनसिल्व्हेनियात सुरुवातीला हे पाणी चक्क नगरपालिकांच्या मैलापाणी प्रकल्पांत सोडलं गेलं. ते प्रकल्प सेंद्रिय घाण खातात, मीठ खात नाहीत. मीठ सरळ नदीत गेलं. २०११ मध्ये राज्यानं कंपन्यांना ते थांबवायला सांगितलं आणि २०१६ मध्ये देशपातळीवर बंदी आली. आता बरंच पाणी पुढच्या विहिरीत पुन्हा वापरतात. नव्या विहिरी पाडणं चालू आहे तोवर हा मार्ग बरा, पण विहिरी थांबल्या की पाणी कुठं घालायचं हा प्रश्न उरतोच.

टेक्सास, ओक्लाहोमात ते खोल विहिरींत परत जिरवलं आणि तिथं भूकंपाचा अध्याय सुरू झाला. ओक्लाहोमात पूर्वी वर्षाला तीन तीव्रतेच्या वरचे एखाद-दोन धक्के बसायचे, २०१५ मध्ये ते नऊशेच्या आसपास गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनीला ५.८ चा बसला. कारण भेग पाडण्याच्या कामापेक्षा हे पाणी जिरवणं हेच होतं. पाणी जिरवण्यावर मर्यादा घातल्यावर धक्के कमी होत गेले. यामागची यंत्रणा आपल्याला कोयनेमुळं ओळखीची असायला हवी. खडकाच्या जुन्या भेगेचे दोन तुकडे वरच्या वजनानं एकमेकांवर आवळून बसलेले असतात. भेगेतल्या पाण्याचा दाब वाढला की ती आवळण सैल होते आणि आधीच ताणलेली भेग सरकते. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय १९६२ च्या सुमारास भरायला लागला आणि ११ डिसेंबर १९६७ ला ६.३ चा धक्का बसला. पुढं याच अभ्यासासाठी कऱ्हाडला संशोधन केंद्र उभं राहिलं, कोयना भागात तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं आणि त्यात वरचा बसाल्टच सव्वा किलोमीटरच्या आसपास निघाला. ब्रिटनमध्ये तर खुद्द फ्रॅकिंगमुळंच धक्के बसले. ब्लॅकपूलजवळ ऑगस्ट २०१९ मध्ये २.९ चा बसल्यावर नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये काम थांबवण्याचा निर्णय झाला. दोन किलोमीटर खालचा २.९ चा धक्का घर पाडत नाही, पण लोकांची झोप उडवायला पुरेसा आहे, आणि घनदाट वस्तीत तेवढं कारण पुरतं.

भेग वर चढत चढत पिण्याच्या पाण्यापर्यंत येते का? मोजलेल्या हजारो भेगांत सर्वांत उंच चढलेली सहाशे मीटरच्या आतच आहे. थर दोन किलोमीटर खाली असेल तर मध्ये भरपूर खडक राहतो. मग पेनसिल्व्हेनियात डिमॉकच्या लोकांच्या विहिरींत २००९ च्या सुमारास मिथेन कुठून आला? केसिंगच्या बाहेरून. सिमेंट ओततानाच घोळ होतात. केसिंग भोकाच्या मध्यभागी राहावं म्हणून सेंट्रलायझर लावतात, ते कमी लावले की पाइप एका बाजूला टेकतो, त्या बाजूचा चिखल निघत नाही आणि तिथं सिमेंटाऐवजी चिखलाची पन्हळ राहते. दुसरं, सिमेंट घट्ट व्हायला लागलं की ते स्वतःचंच वजन पेलू लागतं, खालच्या थरावरचा त्याचा दाब कमी होतो आणि नेमक्या त्याच वेळी उथळ थरातला गॅस त्यात शिरून बारीक वाटा करतो. तिसरं, पन्नास टप्प्यांचा दाब चढतो-उतरतो, केसिंग फुगतं-आकसतं आणि पोलाद व सिमेंटमध्ये केसाएवढी फट पडते. गॅसला तेवढी पुरते. ध्वनिलहरींनी सिमेंटची पकड तपासण्याची चाचणी असते, ती घेऊन नीट वाचायची असते. केसिंगांमधल्या पोकळीत दाब दिसला की विहिरीकडं दुर्लक्ष करायचं नसतं. डिमॉकच्या प्रकरणात कंपनीनं अखेर २०२२ मध्ये न्यायालयात आरोपाला आव्हान दिलं नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा २०१६ चा अंतिम अहवालही याच्याच जवळ येतो: काही परिस्थितींत पिण्याच्या पाण्यावर परिणाम होतो, आणि त्या परिस्थितींत गळकी विहीर, सांडलेलं द्रव, अपुरं प्रक्रिया केलेलं पाणी आणि दुष्काळात केलेला उपसा आहे. असं असताना २००५ च्या ऊर्जा कायद्यानं डिझेल वापरून केलेलं सोडून बाकी फ्रॅकिंगला पिण्याच्या पाण्याच्या संरक्षण कायद्यातून वगळलं. ही सूट मला आजही समर्थनीय वाटत नाही. काम सुरक्षित करता येतं हे खरं, पण मग तपासणीला हरकत कसली?

हवामानाचा मुद्दा मिथेनवर येऊन थांबतो. कोळशाऐवजी गॅस जाळला की वीजघराच्या धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड निम्म्यावर येतो. अमेरिकेत २००५ मध्ये निम्मी वीज कोळशावर होती, २०२२ पर्यंत ती पाचव्या हिश्श्यावर आली आणि ती जागा बहुतांशी गॅसनं घेतली. पण न जळता गळालेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. वीजघरापुरतं बोलायचं तर गळती तीन टक्क्यांच्या थोडी वर गेली की कोळशावरची आघाडी सुरुवातीची काही वर्षं तरी संपते. २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या मोजणीनं अमेरिकेतली गळती २.३ टक्के काढली, सरकारी आकड्यापेक्षा बरीच जास्त. म्हणजे काठावर पास. आपल्यापर्यंत येणाऱ्या गॅसला यात आणखी भर घालावी लागते. उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव करताना गॅसचा जवळपास दहावा हिस्सा खर्ची पडतो, पुढं जहाजाचा प्रवास. एलएनजी कोळशापेक्षाही वाईट, असा निष्कर्ष २०२४ मध्ये एका अमेरिकी शास्त्रज्ञानं मांडला, त्यावर वाद चालू आहे. फौंड्रीत तुलना कोळशाच्या विजेशी नसून फर्नेस ऑइल, एलडीओ (हलकं डिझेल तेल) किंवा एलपीजीशी असते. तिथं काजळी आणि गंधक जातं हा फायदा शेजारच्या वस्तीला लगेच मिळतो. जगाच्या तापमानाला त्यानं किती हातभार लागतो याबाबत मात्र फुशारकी मारू नये.

पैशाचं बघू. शेलच्या विहिरीचं उत्पादन पहिल्याच वर्षात साठ-सत्तर टक्क्यांनी घसरतं. उत्पादन टिकवायचं तर सतत नव्या विहिरी, त्यासाठी सतत नवं कर्ज. २००८ मध्ये एमएमबीटीयूला (दहा लाख ब्रिटिश उष्णता-एककांना) तेरा डॉलरच्या आसपास गेलेला हेन्री हबचा, म्हणजे अमेरिकेतल्या गॅसचा मानक, भाव एप्रिल २०१२ मध्ये दोन डॉलरच्या खाली आला. ग्राहकाची चांदी झाली, काढणाऱ्याचं कंबरडं मोडलं. या धंद्याचा चेहरा असलेली चेसापीक जून २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. शेल गॅस स्वस्त होता यात गुंतवणूकदारांच्या बुडालेल्या पैशाचाही वाटा आहे.

आणि आपला भाव कसा बनतो? सबाइन पास कराराचं सूत्र आहे हेन्री हबच्या ११५ टक्के अधिक तीन डॉलर. हबला भाव तीन डॉलर असेल तर जहाजात चढतानाच एमएमबीटीयूला ६.४५. तिथं भाव निम्मा झाला, दीड डॉलरवर आला, तरी आपल्याला ४.७२ च्या वरच, कारण तीन डॉलर स्थिर आहेत आणि माल उचलला नाही तरी ते द्यावे लागतात. पुढं जहाजभाडं, अडीच टक्के सीमाशुल्क, पुन्हा वायू करण्याचा खर्च, वाहिनीचं भाडं, शहर वितरकाचा खर्च, व्हॅट. एक एमएमबीटीयू म्हणजे साधारण २६ घनमीटर, १९ किलोच्या कमर्शियल सिलिंडरपेक्षा थोडी जास्त उष्णता. नैसर्गिक गॅस जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळं त्यावरचा कर कारखानदाराला वळता मिळत नाही, एलपीजीवरचा मिळतो. दोन भावांची तुलना करताना हे हमखास विसरलं जातं. महाराष्ट्रानं १ एप्रिल २०२२ पासून सीएनजी-पीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला तेवढा दिलासा. त्याच वर्षी युक्रेन युद्धानं आशियातला स्पॉट (कराराविना, तात्काळ खरेदीचा) भाव सत्तर डॉलरच्याही वर उडाला होता. लांब मुदतीचा करार महाग म्हणून शिव्या देणारे तेव्हा गप्प झाले.

भारतात शेल गॅस काढला तर? अमेरिकी ऊर्जा विभागाच्या माहिती संस्थेनं २०१३ मध्ये आपल्याकडं ९६ लाख कोटी घनफूट काढण्याजोगा गॅस सांगितला, तिथल्याच भूगर्भ सर्वेक्षणानं त्याआधी एक वर्ष तीन खोऱ्यांत मिळून सहा. इतका फरक असलेल्या आकड्यांवर भाषणं करू नयेत. ओएनजीसीनं जानेवारी २०११ मध्ये बंगालमध्ये इच्छापूरला शेलमधून गॅस वाहता केला, २०१३ मध्ये धोरण आलं, खंभातच्या खोऱ्यात विहिरी झाल्या, पण व्यापारी उत्पादन काही उभं राहिलं नाही. चिकणमाती जास्त असलेला शेल फुटण्याऐवजी दबतो, वाळू त्यात रुतते आणि भेग मिटते. फ्रॅकिंग आपल्याकडं प्रत्यक्षात होतं ते राणीगंज, सोहागपूरच्या कोळशाच्या थरांत आणि बाडमेरच्या रागेश्वरी क्षेत्रातल्या ज्वालामुखी खडकात. कोळशाचे थर त्या मानानं उथळ असतात, तिथं वरचं पाणी आणि खालचं काम यांत अंतर कमी. भारतात कुठं डोळ्यांत तेल घालून बघायचं असेल तर तिथं.

शेतकऱ्याच्या बाजूनंही अमेरिकेचं गणित इथं लागू होत नाही. पेनसिल्व्हेनियात जमिनीखालच्या गॅसचा मालक बहुधा जमीनमालकच असतो आणि कायद्यानं त्याला किमान साडेबारा टक्के रॉयल्टी मिळते. म्हणून तिथं एकाच गावात अर्धे बाजूनं, अर्धे विरोधात. आपल्याकडं खालचा गॅस सरकारचा. रॉयल्टी राज्याला, शेतकऱ्याच्या वाट्याला वरच्या जमिनीची भरपाई आणि ट्रकचा धुरळा. वाहिनी शेतातून गेली तर १९६२ च्या कायद्यानं वापरहक्कापोटी बाजारभावाच्या दहा टक्के, आणि त्या पट्ट्यावर पुढं विहीर, घर, मोठं झाड करायचं नाही. पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या नेडुवासलला २०१७ मध्ये लोक का पेटले आणि तमिळनाडूनं २०२० मध्ये कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात नव्या तेल-वायू कामांना कायद्यानं बंदी का घातली, याचं निम्मं उत्तर यात आहे.

शिरोलीत किंवा कागलला कुणी गॅस घेणार असेल तर करारातली तीन कलमं आधी वाचावीत: भाव कोणत्या निर्देशांकाला बांधलाय, किमान किती उचल सक्तीची आहे, आणि पुरवठा तुटला तर कोण काय देणार. आपल्याकडं लोखंड वितळतं ते बहुतांशी इंडक्शन भट्टीत किंवा क्युपोलात, गॅस लागतो कोअर ओव्हन, लेडल तापवणं आणि हीट ट्रीटमेंटला. म्हणजे ऑर्डर घटल्या की उचल पहिली कोसळते, आणि नेमकी त्या महिन्यात किमान उचलीची अट गळ्याशी येते. ती हंगामानुसार ठरवून घ्यावी. एलपीजीची टाकी लगेच विकू नये. बर्नर तेच ठेवले तर नोझल मोठे करावे लागतात, कारण तेवढ्याच आकारमानात नैसर्गिक गॅसची उष्णता निम्म्याहूनही कमी. नुसता दाब वाढवून काम भागवलं तर ज्योत बर्नरवरून उचलून विझते. आणि एलपीजीसाठी जमिनीलगत बसवलेले गळतीचे सेन्सर तिथंच ठेवून गॅस चालू करू नये. हा गॅस हवेपेक्षा हलका, छताशी साठतो. सेन्सर वर हलवायचे, आणि पावसाचं पाणी येतं म्हणून शेडच्या माथ्यावरचे झरोके पत्रा मारून बंद केले असतील तर ते आधी उघडायचे.